नवीन समूहांचे प्रस्ताव साठून राहिलेत, ते नीट लावायचे कसे?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा किचकट आहे पण इथे साइट, ग्रुप असलं काहीतरी चालवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. आम्ही पाच जण मिळून मराठी प्रश्नोत्तरांची एक साइट चालवतो, सगळे नाशिकचेच, नोकऱ्या सांभाळून, म्हणजे रात्री जेवणं झाली की आणि रविवारी. आत्ता तिच्यात तीन समूह आहेत, शेती, कॉम्प्युटर-मोबाइल आणि सरकारी कागदपत्रं. तिसरा सगळ्यात जोरात चालतो, सातबाऱ्यावर नाव चुकलं, वारसनोंद अडकली, फेरफार नामंजूर झाला, लोक येऊन विचारतात आणि दोन रिटायर तलाठी आहेत ते मनापासून उत्तरं देतात.

आता लोकांना नवे समूह पाहिजेत. चांगलंच आहे. पण आम्ही सुरुवातीला काय केलं तर ‘नवा समूह सुचवा’ असा एकच थ्रेड टाकून पिन करून ठेवला, ज्याला जे सुचलं ते त्याने खाली लिहिलं, बाकीच्यांनी लाइक मारले, आणि आता त्या थ्रेडचं संध्याकाळी सातच्या गर्दीचं रविवार कारंजा झालंय. कोण कुठून घुसलं काही कळत नाही. द्राक्ष हा प्रस्ताव तीन वेळा आलाय, एकदा ‘द्राक्षबाग’, एकदा ‘बागायत’, एकदा ‘निफाड-दिंडोरी’ या नावाने. कोणीतरी सिंहस्थ २०२७ साठी वेगळा समूह मागितलाय. एका ताईंनी पैठणीचा मागितला होता तो कुठे गेला ते मलाच सापडायला वीस मिनिटं लागली. जे आधी टाकले ते वर आणि जे वर त्यांनाच लाइक, कारण खालपर्यंत वाचतंय कोण.

आणि सगळ्यात जास्त लाइक कुठल्या प्रस्तावाला आहेत माहितीये का? ‘फक्त मिसळ’. हसू नका, खरंच. मी खाली विचारलं की बाबा या समूहात प्रश्न काय येतील, तर सोळा जणांनी एकच प्रश्न लिहिला, नाशिकमध्ये बेस्ट मिसळ कुठली. त्यावरून भांडण सुरू झालं ते वेगळंच.

तर प्रश्न असा की हे प्रस्ताव लावायचे कसे आणि कुठला समूह खरंच काढायचा हे ठरवायचं कशावरून? सॉफ्टवेअर तयार घेतलेलं आहे, त्यात वेगळा विभाग काढता येतो, टॅग लावता येतात, काही टॅग फक्त मॉडरेटरलाच लावता येतील असं पण करता येतं. कोडिंग करून काही नवीन बनवायला आमच्याकडे माणूस नाही.

सातपूर_टेस्टर

भाऊ, हे सगळं स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी तुझ्या आधी भोगून झालंय. २००८ ला जोएल स्पॉल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनी ती प्रश्नोत्तरांची साइट काढली ती फक्त प्रोग्रामरांसाठी. ती चालली म्हटल्यावर २००९ मध्ये त्यांनी तेच सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला काढलं, महिन्याला १२९ डॉलर भरा आणि आपल्या विषयाची साइट उघडा. लोकांनी उघडल्या पण बऱ्याच ठिकाणी शटर वर आणि आत ना माल ना गिऱ्हाईक असा प्रकार, एकाच विषयाच्या दोन-दोन साइटी आणि दोन्ही ओस. मग २०१० मध्ये भाड्याचा प्रकार गुंडाळला आणि एरिया ५१ नावाची वेगळी जागा केली, नवीन साइट पाहिजे तर आधी तिथे प्रस्ताव मांडायचा.

त्यातली मला आवडलेली गोष्ट सांगतो कारण तुझ्या मिसळीचा इलाज तीच आहे. तिथे ‘मला हे आवडलं’ म्हणून प्रस्ताव पुढे जात नव्हता. पहिल्या पायरीवर ६० फॉलोअर लागायचे, आणि त्याशिवाय नमुन्याचे ४० प्रश्न असे लागायचे की ज्यांना प्रत्येकी निदान १० मतं पडलीत, उलटी मतं वजा करून. शिवाय एका माणसाला पाचच नमुना प्रश्न टाकायची परवानगी. म्हणजे एखादा हौशी गडी रात्रभर बसून एकटाच चाळीस प्रश्न ओतेल तर ते चालायचं नाही. नमुना प्रश्न लिहायला लावले की लगेच कळतं विषयात दम आहे का नुसतं नाव भारी आहे. मिसळीला लाइक दोनशे पडतील रे, पाचवा प्रश्न लिहिताना घाम फुटेल.

दुसऱ्या पायरीवर २०० जणांनी आपलं नाव देऊन कबूल करायचं की साइट चालू झाली की आम्ही येणार, आणि त्यातले १०० असे पाहिजेत की ज्यांचे दुसऱ्या एखाद्या साइटवर २०० च्या वर पॉइंट आहेत, म्हणजे ज्यांना ही पद्धत माहिती आहे. मग बीटा, म्हणजे चाचणी, आधी बंद दाराआड थोडे दिवस, मग सगळ्यांना खुली.

तुझी साइट छोटी आहे, ६० चे सहा कर आणि २०० चे वीस कर, आकड्याला काही अर्थ नाही. पण तो एक थ्रेड आजच बंद कर. कुलूप लाव. प्रस्तावांचा वेगळा विभाग काढ आणि प्रत्येक प्रस्तावाची स्वतंत्र पोस्ट, कमेंटमध्ये प्रस्ताव दिसला की त्या माणसाला सांगायचं पोस्ट कर. पोस्टमध्ये समूहात काय येईल हे एका ओळीत, काय येणार नाही हे पण एका ओळीत (हे लोक लिहीतच नाहीत आणि सगळी भांडणं तिथेच होतात), आणि स्वतःला खरंच पडलेले पाच प्रश्न. खरंच पडलेले, बसून बनवलेले नाही. फरक वाचला की कळतो.

स्थितीसाठी ते मॉडरेटरवाले टॅग वापर, स्टॅकच्या मेटा साइटवर (साइटबद्दलच बोलायची वेगळी जागा) पण तसंच आहे, चर्चा की बग की सुचवणी हा टॅग लिहिणारा लावतो आणि ‘झालं’, ‘नाकारलं’ हे लाल टॅग फक्त मॉडरेटर. तुझ्याकडे नवा, चर्चेत, तयारी चालू, सुरू झाला आणि थांबवला एवढे पाच पुरे.

द्राक्ष त्या तीनपैकी एक ठेव, बाकीचे दोन बंद करून त्याची लिंक टाक. डिलीट नको करू, लोकांना आपलं लिहिलेलं गायब झालं की राग येतो आणि येणारच.

बागायतदार_निफाड

त्या तीनमधला एक प्रस्ताव माझाय, ‘बागायत’ वाला. बंद करायला हरकत नाही पण सातपूरकर साहेब त्या स्टॅकवर अजून एक मोजणी असायची ना, रोज किती प्रश्न येतात त्याची, ती आमच्यावर लावू नका एवढी विनंती.

आमचं असंय की फळछाटणी होते ऑक्टोबरच्या आसपास, कोणाची सप्टेंबरात कोणाची नोव्हेंबरात, आणि तिथून पुढं दोन अडीच महिने माणूस झोपत नाही. पोंगा अवस्थेत (कोंब फुटताना) पाऊस झाला की काय मारू, डावणी रोग आला पानाच्या मागं पांढरं दिसतंय, फुलोऱ्यात ढगाळ हवा हाय तर गळ होईल का, जीएचं (संजीवकाचं) डिपिंग कधी. रात्री दोनला पण फोटो टाकतो माणूस. मग माल निघाला की एप्रिलला खरड छाटणी, तेव्हा परत थोडे प्रश्न, काडी सबकेन वगैरे. आणि जुलैत कोण काय विचारणार, काडी पिकत असती, आम्ही लग्नाची उसनवारी फेडत असतो. आता जुलैत तुम्ही मोजलं तर म्हणाल समूह मेला, बंद करा. आणि ऑक्टोबरात आम्ही येणार तर कुलूप.

दुसरं, शेती समूहात टॅग लावून भागवा असं कोणीतरी म्हणणारच म्हणून आधीच सांगतो. लासलगावला कांद्याचा भाव पाचशेनी पडला की त्या समूहात दोन दिवस दुसरं काही दिसत नाही. तेवढ्यात आमचा डावणीचा प्रश्न खाली जातो आणि डावणीला दोन दिवस म्हणजे बाग गेली. टॅग आमच्याकडं कोणी लावत नाही हो, फोटो टाकायचा आणि ‘काय हाय हे’ लिहायचं.

सातपूर_टेस्टर

@बागायतदार_निफाड दादा हा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि मी तो विचारातच घेतला नव्हता. स्टॅकवर बीटा साइटच्या पानावर लिहिलेलं असायचं की रोज सरासरी १५ प्रश्न म्हणजे तब्येत चांगली, ५ किंवा त्याच्या खाली म्हणजे काम करायला पाहिजे. प्रोग्रामरला बारा महिने एरर येतात, बागेला हंगाम असतो. तुमचं मोजायचं तर गेल्या ऑक्टोबरचं या ऑक्टोबरशी.

पण त्याच पानावर बाकीच्या मोजण्या होत्या त्या तुम्हालाही लागू पडतील. ९० टक्के प्रश्नांना उत्तर मिळालंय का, आणि एका प्रश्नाला सरासरी अडीच उत्तरं येतात का, की एकच. ही हंगामातच मोजायची. प्रश्न शंभर आणि उत्तर देणारा एकच माणूस असेल तर तो माणूस लग्नाला गेला की समूह बंद.

ओझर_निवृत्त

मी जरा जुन्या काळचं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा.

नव्वदच्या दशकात मी कामानिमित्त मुंबईला होतो तेव्हा यूजनेट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चर्चा, वाचायची सवय लागली. आत्ताच्या मुलांना नाव पण माहीत नसेल. त्यात विषयवार ग्रुप असत आणि १९८७ मध्ये त्या सगळ्या ग्रुपांची नावं बदलून नव्याने मांडणी केली होती कारण असाच पसारा झाला होता. त्यानंतर मुख्य शाखांमध्ये नवीन ग्रुप काढायचा तर आधी चर्चेची सूचना टाकायची, त्यात ग्रुपची सनद, म्हणजे काय चालेल काय नाही ते, मग मतदान. होकार नकारापेक्षा किमान १०० ने जास्त आणि एकूण मतांत दोन तृतीयांश होकार, तरच ग्रुप. ज्यांना ही कटकट नको होती त्यांनी ऑल्ट नावाची शाखा धरली, तिथे मतदान नाही, कोणीही काढा. तिथे गंमत म्हणून काढलेले आणि नंतर कोणी न फिरकलेले ग्रुप इतके झाले की विचारू नका. पण काही फार चांगले ग्रुपही त्या ऑल्टमध्येच झाले हेही खरं.

म्हणून माझं थोडं वेगळं मत आहे. नियम फार घट्ट केले की जो माणूस उत्साहाने आला तो फॉर्म भरता भरता निघून जातो, आणि आपल्याकडे फॉर्म भरून दमलेली माणसं कमी नाहीत, तुमचा तिसरा समूह त्यांच्यावरच चालतो. पाच प्रश्न मागा, जरूर मागा. पण काय येणार नाही वगैरे पहिल्याच दिवशी कशाला, ते चर्चेत ठरू द्या.

आणि मतांचं म्हणाल तर मत देणारा आणि लिहिणारा हे दोन वेगळे लोक असतात. यूजनेटवर दूर कुठेतरी बसलेला माणूस मित्राने सांगितलं म्हणून होकार टाकायचा आणि त्या ग्रुपात परत कधी दिसायचा नाही.

येवल्याची_सून

ते वीस मिनिटं शोधावं लागलेला पैठणीचा प्रस्ताव माझा आहे 🙂 दोनदा टाकलाय खरं तर, पहिला दिसला नाही म्हणून परत टाकला. एक उडवा.

पाच प्रश्न आत्ता देते, लोक मला फोन करून हेच विचारतात. हातमागाची पैठणी आणि मशीनची कशी ओळखायची (उलटी करून बघा, हातमागाच्या पदराची मागची बाजू पण जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मशीनवाल्यात मागे सुटे धागे लोंबतात). जरीचे काठ काळे पडले तर काय. घडीवर फाटते म्हणून घडी किती दिवसांनी बदलायची. आजीची साडी फाटली पण पदर चांगला आहे तर तो दुसऱ्या साडीला लावून मिळतो का. आणि सिंगल इकत, डबल इकत म्हणजे नक्की काय ज्याने किंमत एवढी वाढते.

पण माझी अडचण वेगळी आहे. उत्तरं ज्यांना येतात ते मागावर बसलेले असतात. माझे चुलत सासरे चाळीस वर्षं विणतायत, त्यांना विचाराल ते सांगतील पण टाइप करणार नाहीत, मोबाइलवर त्यांचं फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि तेही व्हॉइस नोट. मग माझ्या प्रस्तावात उत्तर देणारे किती असं कोणी विचारलं तर काय लिहू, शून्य?

ओझर_निवृत्त

@येवल्याची_सून ताई, शून्य का लिहिता, एक लिहा. तुम्ही. ते सांगतील तुम्ही लिहा, खाली टाका ‘सांगणार चुलत सासरे, लिहिणार मी’. नावाची गरज नाही.

चावडी_वाचक

मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते म्हणून त्या बाजूने थोडंसं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, तेव्हा सगळं सोपं होतं. नंतर नवीन भाषेचा विकिपीडिया काढायचा तर आधी इनक्युबेटर नावाच्या ठिकाणी चाचणी म्हणून चालवून दाखवावा लागतो. गोव्याची कोंकणी तिथूनच २०१५ मध्ये बाहेर पडली. तिथे पाठिंब्याच्या सह्या मोजत बसत नाहीत, बघतात की सलग काही महिने लेख लिहिले जातायत का आणि लिहिणारे एकाहून जास्त आहेत का.

तुमच्याकडे पण हेच करा ना. प्रस्तावाची पोस्ट हीच चाचणी. वेगळा समूह मिळेपर्यंत त्या विषयाचे खरे प्रश्न त्या प्रस्तावाखालीच, किंवा ‘इतर’ असा एक समूह काढून त्यात त्या टॅगखाली विचारू द्या. टॅग मॉडरेटरने लावायचा, निफाडचे दादा म्हणतात तसं लोक लावणार नाहीत. तीनचार महिन्यांनी टॅगवर क्लिक केलं की समोर दिसतं. चाळीस प्रश्न आणि सहा वेगवेगळे लोक उत्तर देतायत तर तो समूह आधीच झालेला आहे, तुम्हाला फक्त पाटी लावायचीये.

सिंहस्थाचं मात्र वेगळं काढू नका असं मला वाटतं. बारा वर्षांनी येतो, त्या काळात प्रश्नांचा पूर येईल, राहायचं कुठे, गाडी कुठपर्यंत जाते, त्र्यंबकला जायचं कसं, आणि मग पर्वणी संपली की समूह रिकामा, पुढचे दहा वर्षं कोण झाडणार. टॅग पुरे, आणि उत्तरावर तारीख टाकायची सक्ती करा कारण मागच्या वेळची पार्किंगची माहिती या वेळी कोणीतरी वाचून जाईल आणि बसेल शोधत.

मिसळ_प्रस्तावक

तो ‘फक्त मिसळ’ वाला मीच. हसून घ्या. पण सोळा जणांनी बेस्ट कुठली लिहिलं त्याला मी काय करू, मी तर ते लिहिलंच नव्हतं भो. माझा क्लासेसचा डबा बंद झाल्यापासून मी रूमवर स्वतः करतो आणि मला अडचणी आहेत त्यातून प्रस्ताव टाकला होता.

घ्या पाच. मटकीला थंडीत मोड येत नाहीत, किती तास ठेवायची आणि कशात. मोड आलेली मटकी शिजवताना त्याचा लगदा होतो. तर्री वर तरंगत नाही, सगळं तेल रश्शात मिसळून जातं. काळा मसाला विकतचा घेतला की कडवट लागतो, मसाला जळालेला असतो का माझी पद्धत चुकते. रस्सा दुसऱ्या दिवशी गरम केला की आंबूस का लागतो.

सातपूर_टेस्टर

माझे शब्द मागे घेतो, पाचवा प्रश्न पण चांगला आहे 😄 पण नाव बदल भाऊ. हे मिसळीचे प्रश्न नाहीत, हे स्वयंपाकाचे आहेत. ‘घरचा स्वयंपाक’ नाव दे, मोड आणणं, मसाले, टिकवणं सगळं बसेल आणि उत्तर द्यायला अर्ध्या नाशिकच्या आया-मावश्या येतील. ‘काय येणार नाही’ मध्ये एकच ओळ लिही, हॉटेलांची तुलना.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, आम्ही काल रात्री पाचही जण बसलो आणि एवढं ठरलं.

जुन्या थ्रेडला कुलूप लावलं. ‘प्रस्ताव’ नावाचा विभाग काढला, एक प्रस्ताव एक पोस्ट. ओझरच्या काकांचं ऐकून फॉर्म छोटा ठेवला, नाव, एक ओळ आणि पाच खरे प्रश्न, बाकीचं चर्चेत. लाइकचं बटण त्या विभागात बंदच केलंय, त्याऐवजी खाली लिहायचं ‘मी विचारीन’ किंवा ‘मी उत्तर देईन’ किंवा ‘मी लक्ष ठेवीन’. येवल्याच्या ताईंसाठी चौथं पण ठेवलं, ‘मी लिहून देईन’. क्रम शेवटच्या हालचालीप्रमाणे, म्हणजे जुने वर बसून राहणार नाहीत.

‘नाकारला’ हा टॅग ठेवायचा की नाही यावर अर्धा तास गेला, शेवटी ‘थांबला’ ठेवला. तीन महिने काही हललं नाही की थांबला, आणि कोणीही नवा खरा प्रश्न टाकला की परत ‘नवा’ टॅग. फक्त बागेसाठी मोजणी फळछाटणीपासून माल निघेपर्यंत, ते वेगळं लिहून ठेवलंय. द्राक्षाचे तिन्ही एकत्र केले, मूळ पोस्ट निफाडच्या दादांची ठेवली कारण त्यांचेच प्रश्न सगळ्यात खरे होते. ‘इतर’ समूह पण सुरू केला, टॅग लावायचं काम आम्ही वार वाटून घेतलंय, माझा मंगळवार.

सिंहस्थावर एकमत नाही झालं. आमच्यातल्या एकाचं घर पंचवटीत आहे, तो म्हणतो आत्ताच रोज दोनजण त्याला विचारतात. बघू, सध्या टॅग.

बागायतदार_निफाड

मंगळवारी रात्री फोटो टाकला तर तुम्ही जागे असता ना, एवढंच विचारायचं होतं.

गोदाकाठ

बारापर्यंत. त्यानंतर सकाळी सहाला.

येवल्याची_सून

@मिसळ_प्रस्तावक अरे तर्री तरंगत नाही कारण तू मसाला तेल सुटेपर्यंत परतत नाहीस, घाईने पाणी ओततोस. तेल बाजूने सुटलेलं दिसलं की मगच गरम पाणी घाल, गार नको. आणि उकळी आली की बारीक गॅसवर दहा मिनिटं ठेव, ढवळू नको, तेल आपोआप वर येतं.

मिसळ_प्रस्तावक

गार पाणीच ओततो मी 🤦 आणि मोडांचं?

गोदाकाठ

ताई, दादा, हे इथे नको, ‘इतर’ मध्ये पोस्ट टाका दोघं. टॅग मी लावतो.